काळा कोळसा पांढरा झाला की बदलला? अण्णांच्या दोन घोड्यांबद्दल विचारायचंय

धाकटी:

प्रश्न दोन आहेत, पण आधी घोडे सांगते, नाहीतर प्रश्न कळायचे नाहीत.

अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, दोन जनावरं होती. चिमणी ही कुमाईत, म्हणजे लालसर तपकिरी घोडी, मालाच्या गाडीची. नाव चिमणी आणि पुठ्ठा असा की मागून पाहिलं तर पुढचा रस्ता दिसायचा नाही. दुसरा कोळसा, बसायचा घोडा. चार माणसांत अण्णा बोलायचे ते कोळशाबद्दल. त्याची दुडकी कशी, मान कशी धरतो, पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडणार नाही वगैरे. चिमणीबद्दल कुणी विचारलं तर "आहे. ओढते." संपलं.

घरात वेगळं दिसायचं. चढ आला की अण्णा गाडीतून उतरून चिमणीच्या बरोबरीनं चालायचे. कोळशावरून ते चढासाठी कधी उतरले नाहीत. चिमणीच्या गळ्यातल्या पट्ट्याचं अस्तर वर्षातून दोनदा उसवून, आतलं भरण पिंजून पुन्हा भरायचे, कारण एकदा तिचा डावा खांदा सोलवटला होता. खरारा झाल्यावर कोळशाच्या अंगावरून फडकं फिरायचं, चिमणीच्या अंगावरून नुसता हात. मी विचारलं तर म्हणाले, "फडक्याला कळत नाही कुठं दुखतंय ते." पाऊस नसला की त्यांची खाट तबेल्याच्या दारात. चिमणी पाय ताणून आडवी झोपायची आणि झोपेत घोरायची. घोडा झोपलेला कधी दिसत नाही असं लोक म्हणतात तेव्हा मला हसू येतं.

आता पहिला प्रश्न. दोन फोटो आहेत. एक 1968 चा. मागे अण्णांच्या अक्षरात साल आणि "कोळसा". घोडा काळाभोर. दुसरा 1977 चा, मागे तसंच "कोळसा", आणि घोडा पांढराशुभ्र. 1968 साली मी चार वर्षांची, त्यामुळे मला आठवतो तो पांढराच. पांढऱ्या घोड्याचं नाव कोळसा ही अण्णांची थट्टा असेल अशी माझी समजूत होती. दादा (सहा वर्षांनी मोठा) ठासून सांगतो की घोडे दोन होते. पहिला विकला, दुसरा आणला आणि हट्टानं तेच नाव चालू ठेवलं. दादा 69 ते 73 शिकायला बाहेर होता. गेला तेव्हा काळा, आला तेव्हा पांढरा. आई म्हणायची एकच घोडा. आई आता नाही, म्हणजे मतं एकास एक.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. 1973 मध्ये अण्णा एकवीस दिवस बाहेर होते. कुणाची दोन तरणी घोडी वळणाला लावायची होती, त्यासाठी कोळशावर बसून गेले. गाडी दादाकडे, वय पंधरा. अण्णा परतले तर चिमणीच्या दोन्ही पुढच्या पायांना जखमा. अण्णांनी ठरवूनच टाकलं की पोरानं घोडी दामटली आणि पाडली. मारलं नाही. ओरडलेसुद्धा थोडकंच. पण नंतर दादाच्या हातात लगाम कधी दिला नाही. दादा आजही शपथेवर सांगतो की ती एकदाही पडली नव्हती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्यात आणखी एक. अण्णा हाकत असले की चिमणी ठरलेल्या दारांशी आपली आपण थांबायची, ना शब्द ना लगाम. दादा हाकताना ती सरळ पुढे निघून जायची. अण्णा म्हणाले, घाबरलेलं जनावर थांबत नाही, हाही पुरावाच.

न पडता घोडीला अशा जखमा होऊ शकतात का? अण्णांची नालाच्या नोंदींची वही माझ्याकडे आहे. लागेल ते बघून सांगेन.

खुरांचा_डॉक्टर:

निवृत्त पशुवैद्य आहे. पहिल्या प्रश्नात आईंचं पारडं जड वाटतंय.

वयाबरोबर पांढरा होत जाणाऱ्या घोड्याला सबजा म्हणतात. तो पांढरा जन्मत नाही. शिंगरू काळं असेल, कुमाईत असेल, तांबूस असेल. पुढे दरवर्षी केसांतला रंग कमी होत जातो. आधी पोलादी करडा, मग अंगावर चंद्रासारखे ठिपके, आणि साधारण सहा ते दहा वर्षांचा होईपर्यंत पांढरा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे ते प्रसिद्ध पांढरे लिपिझ्झानर घोडेही जन्मतः गडदच असतात. यामागचा जनुकीय बदल स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं 2008 मध्ये शोधला. एसटीएक्स 17 नावाच्या जनुकातला एक तुकडा दोनदा आलेला असतो, एवढाच फरक. केस पांढरे होतात, कातडी काळीच राहते. म्हणून असा घोडा धुतला की ओला असेपर्यंत शिसवी-करडा दिसतो.

तीन गोष्टी तपासा. 1968 च्या फोटोत डोळ्यांभोवती आणि तोंडावर रंग उडल्यासारखा वाटतो का? रंग जायला बहुधा तोंडापासून सुरुवात होते. दुसरं, म्हातारपणी शेपटीखाली काळ्या, टणक गाठी होत्या का? पंधरा वर्षांपुढच्या सबज्या घोड्यांत 70 ते 80 टक्क्यांना त्या येतात. तिसरं, वहीत दातांची नोंद आहे का?

जखमांबद्दल आधी तुम्हीच सांगा. नेमक्या कुठे होत्या? गुडघ्यावर, की खुराच्या वरच्या सांध्यावर? आत खडी-माती होती का? बऱ्या होऊन पुन्हा फुटत होत्या का? माझ्या मनात काय आहे ते आत्ता सांगत नाही. सांगितलं तर तुम्हाला तेच आठवायला लागेल. चाळीस वर्षं जनावरांच्या मालकांशी बोलून एवढं शिकलोय.

रपेट:

डॉक्टरकाकांच्या यादीत माझी एक भर. कपाळावरचा केसांचा भोवरा बघा. घोड्यांच्या ओळखपत्रात भोवऱ्याची जागा चित्रावर खूण करून दाखवतात, कारण रंग गेला तरी भोवरा हलत नाही. डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मधोमध की एका बाजूला, एक की दोन. भिंग घ्या आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. अर्थात घोड्यानं दोन्ही वेळा कॅमेऱ्याकडे बघितलं असेल तर.

आणि आठवणी चालल्याच आहेत तर, माझी आई ज्या घोड्यावर शिकली तो तिचा कायमचा लाडका. कारण काय, तर तो तिला फसवायचा. खोगीर घालून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला गेली की पोट फुगवून उभा. ती बिचारी आवळून वर बसायची, हा श्वास सोडायचा, आणि खोगीर आईसकट बाजूला. तेव्हापासून आई कुठल्याही घोड्याला दहा पावलं चालवून तंग पुन्हा आवळल्याशिवाय रिकिबीत पाय घालत नाही. मलाही घालू देत नाही, आणि मी आता इतरांना शिकवते.

धाकटी:

हातात भिंग घेऊन बसले आहे. घरातले हसताहेत.

तोंड: 1968 च्या फोटोत नाकाडावर आणि डोळ्यांभोवती फिकट आहे. दादा म्हणतो ऊन पडलंय. पण ऊन डावीकडून आहे आणि फिकटपणा दोन्हीकडे.

गाठी: होत्या! वाटाण्याएवढ्या, शेपटीच्या मुळाशी. अण्णा शेपूट उचलून बोटांनी मोजायचे. मला ते घाण वाटायचं. हे मी पार विसरले होते. तुम्ही विचारलंत आणि एकदम ती शेपूटच समोर आली.

दात: वहीत 1968 खाली आहे, "कोळसा. कोपऱ्याचे दुधाचे अजून." पुढे, "मा. डा. खूर पांढरा. खिळा जपून." मागचा डावा असणार.

भोवरा: 1977 मध्ये स्पष्ट आहे, मधोमध नाही, त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला सरकलेला. 1968 मध्ये केसांची झुलूप आड येते. नातवाकडून मोठा करून घेते.

जखमा: गुडघ्याला काही नव्हतं. खुराच्या वरच्या सांध्यावर, पुढच्या अंगानं, दोन्ही पायांना सारख्या. एवढं मला आठवतं, कारण हळद... असो, औषध मीच लावत होते आणि त्यासाठी मला जमिनीवर बसावं लागायचं. बाकीचं दादाला फोन करून विचारलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, माती नव्हती, गवताच्या काड्या चिकटलेल्या असायच्या. पहिल्या आठवड्यात काही नव्हतं, नंतर सुरू झालं. खपली धरायची आणि सकाळी पुन्हा फुटलेली. सकाळी. फेरीहून आल्यावर नाही. हे तेव्हाच अण्णांना का नाही सांगितलंस, विचारलं. "सांगितलं की. ऐकायला कोण होतं?" म्हणाला.

खुरांचा_डॉक्टर:

धन्यवाद. दादांना माझा नमस्कार सांगा.

आधी दात. घोड्याचे समोरचे दुधाचे दात मधल्यापासून पडायला लागतात. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास, शेजारची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. कोपऱ्याचे दुधाचे शिल्लक म्हणजे 1968 मध्ये तो साडेचारच्या आतला. तेव्हा 1973 मध्ये जास्तीत जास्त नऊ-साडेनऊचा. काळ्याचा पांढरा व्हायला हाच काळ. दादांनी नेमकी मधली वर्षं चुकवली.

आता चिमणी. घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे खरं. मागच्या पायाचा सांधा अडकवून ठेवायची सोय त्याच्या शरीरात आहे, त्यामुळे स्नायू फारसे न शिणवता उभं राहता येतं. पण गाढ झोपेचा जो भाग असतो, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे फिरतात आणि अंग पूर्ण सैल पडतं, तो उभ्यानं होत नाही. त्यासाठी आडवं व्हावं लागतं, निदान मान-डोकं टेकवून बसावं लागतं. दिवसाकाठी अर्धा ते एक तास एवढीच गरज असते, पण ती टळत नाही. सांधे दुखत असतील, जागा अपुरी असेल किंवा सुरक्षित वाटत नसेल तर घोडा आडवा होत नाही. काही दिवस निभतं. मग उभ्याउभ्याच ती झोप लागते, अंग सैल पडतं, पुढचे पाय खुरावरच्या सांध्यात दुमडतात, तो सांधा जमिनीवर आपटतो आणि घोडा दचकून जागा होतो. पुन्हा तेच, रात्रभर. म्हणून जखमा सांध्याच्या पुढच्या बाजूला, दोन्ही पायांना, आणि रोज सकाळी ताज्या.

गाडी ओढताना घोडी पडली असती तर बहुधा गुडघे फुटले असते आणि जखमेत खडी सापडली असती. इतक्या वर्षांनी, जनावर न पाहता, छातीठोक निदान करणार नाही. पण हीच केस आज कुणी फोनवर सांगितली असती तर पहिला प्रश्न विचारला असता, घोडी रात्री आडवी होते का? तुमच्या अण्णांची चूक मी समजू शकतो. त्या काळी मीही तेच म्हटलं असतं.

नालबंदाचा_पोरगा:

वहीतल्या त्या ओळीवर बोलतो, बाकी डॉक्टरसाहेब समर्थ आहेत.

"मा. डा. खूर पांढरा" ही नोंद 1973 नंतरही येते का बघा. खुराचा रंग वरच्या कातडीवरून ठरतो. त्या पायावर पांढरा मोजा, म्हणजे खुराच्या वर पांढऱ्या केसांचा पट्टा, असला तर खूर फिका. घोडा सगळा पांढरा झाला की मोजा दिसेनासा होतो, पण खूर सांगतो. तीन काळे आणि मागचा डावा पांढरा असा दुसरा घोडा, त्याच नावाचा, त्याच घरात? मग तुमच्या अण्णांनी घोडा नाही, लॉटरी घेतली म्हणायची.

पांढरा खूर ठिसूळ ही जुनी समजूत. माझे वडीलही म्हणायचे. मी दोन्ही रंगांच्या खुरांत खिळे मारलेत, मला फरक लागला नाही. ओलावा, चंदी (म्हणजे दाणा) आणि छाटणी, खूर ठरतो तो यावर. महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटून पुन्हा बसवायचा.

वडिलांची आवडती एक म्हातारी घोडी होती, आमची नव्हे, गिऱ्हाइकाची. पाय मांडीवर घेतला की निम्मं अंग वडिलांवर टाकून डुलकी काढायची. दुसऱ्या कुणा घोड्यानं भार टाकला की वडील कोपर मारायचे. हिला कधी मारलं नाही. संध्याकाळी कंबर धरून बसायचे आणि म्हणायचे, आज म्हातारी आली होती.

शंकेखोर:

सगळे हळवे झालेत म्हणून थोडं थंड पाणी.

चिमणी एकवीस दिवस झोपली नाही ती अण्णांच्या विरहानं, असं आता कुणीतरी लिहिणार. थांबा. अण्णा कोळशाला घेऊन गेले होते. घोडा कळपाचं जनावर आहे. एक आडवा होतो तेव्हा दुसरा उभा राहून राखण करतो. सोबती नाही, राखण नाही, म्हणून झोप नाही. त्यात अण्णा कुठेच येत नाहीत.

दारांशी थांबण्याचंही तसंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा. उत्तराच्या आकड्याइतक्या टापा मारायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा ते टिपायचा. मालक फसवत नव्हता, त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता. तुमचे अण्णा दार जवळ आलं की लगामावरची बोटं सैल सोडत असणार, वजन मागे टाकत असणार. चिमणीला झापडं असली तरी लगामातून तोंडाला सगळं कळतं. दादांना थांबायच्या जागा नीट पाठ नसतील, म्हणून त्यांच्या हातातून काही गेलं नाही. घोडी घाबरलेली होती याला हा पुरावा नव्हे.

धाकटी:

शंकेखोर, रागावले नाही. उलट तुमचंच दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पहिल्यांदा कुणीतरी शहाणं बोललं." झापडं होतीच, आणि थांबायच्या जागा त्याला खरंच पाठ नव्हत्या. तो दारांवरच्या खुणा बघत जायचा आणि चिमणीला उशिरा खेचायचा.

पण एक सांगते. अण्णांची खाट तबेल्याच्या दारात असायची. राखण करणारे दोन होते, एक उभा आणि एक खाटेवर. दोघेही एकदमच गेले. चिमणीनं कुणाला मोजलं ते मला ठरवता येत नाही आणि तुम्हालाही येणार नाही.

नालबंददादा, 1974, 76 आणि 79 ला तीच नोंद आहे, "मा. डा. पांढरा." 79 ला पुढे "जपून" नाही. तोपर्यंत अण्णांनाही कळलं असेल.

नातवानं फोटो मोठा करून दिला. झुलपीच्या आडून भोवऱ्याची कड दिसते, डाव्या डोळ्याकडे सरकलेली. दादा रविवारी आला, भिंग लावून दोन्ही फोटो बराच वेळ बघत बसला. "असेल एकच," म्हणाला. दादाकडून याहून जास्त निघत नाही.

मग झोपेचं सांगितलं. डॉक्टरांचं सगळं उत्तर वाचून दाखवलं. मला वाटलं होतं तो म्हणेल, बघ, मी सांगत होतो. मी माफी मागायचीही तयारी केली होती. त्यानं एवढंच विचारलं, "म्हणजे तिला झोपच नव्हती? आणि मी रोज गाडीला जुंपत होतो?" यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. चहा... म्हणजे उठून आत गेले.

परत आले तर तो अजून 68 च्याच फोटोत. "अण्णांचा उजवा हात बघ," म्हणाला. डाव्या हातात कोळशाचा लगाम आहे, ते सगळ्यांना दिसतं. उजवा हात लांब करून फोटोबाहेर गेलाय. मी इतकी वर्षं समजत होते की ते कुणाला तरी लांब व्हायला सांगताहेत. भिंगातून बघितलं तर मुठीत दोर आहे. आणि अगदी कडेला, पांढऱ्या किनारीला चिकटून, एका कानाचं टोक. कोळशाचे दोन्ही कान जागच्या जागी आहेत.

चिमणीचा फोटो नाही असं आम्ही आजवर सांगत आलो. नातवाला बजावलंय, स्कॅन करताना कडा कापायच्या नाहीत.